मूड सांगा, पुस्तक घ्या: या वेबसाइट मराठी माणसाच्या किती कामाच्या?

पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या मधलं भिलार ४ मे २०१७ ला ‘पुस्तकांचं गाव’ झालं. सुरुवातीला २५ ठिकाणी मिळून सुमारे १५,००० मराठी पुस्तकं ठेवली गेली, आणि ती ठेवताना एक साधी युक्ती केली: एका घरात एक प्रकार. कुठं कविता, कुठं कादंबऱ्या, कुठं संतसाहित्य, कुठं इतिहास. दारावरची पाटी वाचायची, आत जाऊन बसायचं, पुस्तक उघडायचं. सातारकरांना ही मांडणी आता सवयीची झाली आहे. पण ‘आज डोकं शिणलंय, दोनशे पानांच्या आतलं, हसवणारं पण उथळ नसलेलं काहीतरी द्या’ असं म्हणणाऱ्यानं कोणत्या घरात शिरायचं? ते पाटीवर लिहिलेलं नसतं. त्यासाठी घरमालकाला नाहीतर मुरलेल्या ग्रंथपालाला गाठावं लागतं.

मूडवर किंवा शैलीवर शोधू देणाऱ्या वेबसाइट त्या ग्रंथपालाची जागा घ्यायला निघाल्या आहेत. पुस्तकं, गाणी, सिनेमे, अगदी छपाईची अक्षरंसुद्धा आता ‘शांत’, ‘खट्याळ’, ‘उदास’ अशा शब्दांनी चाळता येतात. त्यांतल्या निवडक वेबसाइट इथं मराठी वाचक-श्रोत्याच्या सोयीनं तपासल्या आहेत. प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा: मूडची चिठ्ठी लावली कुणी? चिठ्ठी लावणारे तीन प्रकारचे असतात. शिकवून तयार केलेले जाणकार, सर्वसाधारण वाचक, किंवा यंत्र. मराठीसाठी निकाल जवळजवळ पूर्णपणे यावरच ठरतो. वेबसाइट दिसायला किती देखणी आहे याला फारसं महत्त्व नाही.

व्हिचबुक: चार पट्ट्या, एकही मराठी पुस्तक नाही

जाणकारांनी चिठ्ठ्या लावल्याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे व्हिचबुक. ब्रिटनमधल्या, ग्रंथालयांसोबत काम करणाऱ्या मंडळींनी ती उभी केली. पानावर सरकत्या पट्ट्या दिसतात आणि प्रत्येक पट्टीच्या दोन टोकांना दोन शब्द असतात: आनंदी ते दुःखी, विनोदी ते गंभीर, सुरक्षित ते अस्वस्थ करणारं, सौम्य ते हिंसक, सोपं ते कष्टाचं, छोटं ते मोठं, आशावादी ते निराश. एका वेळी जास्तीत जास्त चार पट्ट्या हलवता येतात. खातं उघडावं लागत नाही.

नवा माणूस पहिली चूक करतो ती चारही पट्ट्या टोकाला नेण्याची. प्रत्येक पुस्तकाला प्रत्येक पट्टीवर एक जागा दिलेली असते आणि वेबसाइट सर्वांत जवळचं पुस्तक काढून देते. ‘खूप आनंदी’, ‘खूप अस्वस्थ करणारं’, ‘खूप सोपं’ आणि ‘खूप मोठं’ या चौकटीत चपखल बसणारं पुस्तक मुळात दुर्मीळ. मग हाती येतं ते चारही बाजूंनी थोडं थोडं चुकलेलं. म्हणून आधी दोनच पट्ट्या हलवाव्यात, निकाल बघावा, मग तिसरी. टोकाच्या थोडं अलीकडे थांबलं तर यादी जास्त चांगली येते. जगाच्या नकाशावरून, म्हणजे पुस्तक कुठल्या देशात घडतं त्यावरूनही शोधता येतं. तो भाग निव्वळ भटकायला छान आहे.

मराठी पुस्तकं इथं नाहीत, सगळा साठा इंग्रजीचा. इंग्रजी वाचणाऱ्यानं मात्र चुकवू नये अशी ही वेबसाइट. मराठी ग्रंथालय चालवणाऱ्यानंही त्या पट्ट्यांचे शब्द एकदा नीट वाचावेत, कारण ‘सामाजिक’, ‘ऐतिहासिक’, ‘रहस्यमय’ या आपल्या जुन्या खणांपेक्षा वाचकाची गरज किती वेगळ्या शब्दांत सांगता येते हे तिथं दिसतं.

स्टोरीग्राफ: मराठीला जागा आहे, पण ती आपणच भरायची

या सगळ्यांत मराठी वाचकाला खरोखर उपयोगी पडेल अशी वेबसाइट हीच. नादिया ओडुनायो या सॉफ्टवेअर करणाऱ्या बाईंनी ती मुख्यतः एकटीच्या बळावर बांधली. इथं चिठ्ठ्या वाचक लावतात. पुस्तक वाचून झालं की परीक्षणाच्या अर्जात १४ मूड दिसतात: साहसी, आव्हानात्मक, काळोखं, भावनिक, विनोदी, आशादायी, माहितीपर, प्रेरणादायी, हलकंफुलकं, गूढ, चिंतनशील, निवांत, दुःखी आणि ताण वाढवणारं. हवे तेवढे टिचकवायचे. मग वेग (संथ, मध्यम, जलद), कथा घटनांवर चालते की पात्रांवर, पात्रं उभी राहतात का, आणि शेवटी तारे. तारे पाव-पाव सरकवता येतात, म्हणजे पावणेचारही देता येतात. ही गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते, पण ‘तीन दिले तर अन्याय, चार दिले तर खोटं’ या कात्रीत नेहमी सापडणाऱ्या वाचकाला ती फार आवडते.

शोधताना मूड, वेग, पानं (३०० च्या आत, ३०० ते ४९९, ५०० च्या वर) आणि ललित की ललितेतर असे चाळणीचे पर्याय मिळतात. दोनशे पानांची खास सोय नाही. ३०० च्या आतली यादी काढून पुढचं हातानंच बघावं लागतं. पुस्तकात काय त्रासदायक आहे याचे इशारेही वाचकच नोंदवतात: मृत्यू, हिंसा, आजारपण, आणि ते किती प्रमाणात आहे. घरात नुकतंच कुणी गेलेल्या माणसाला पुस्तक भेट द्यायचं असेल तर हा भाग आधी उघडावा.

फसगत इथल्या टक्केवारीत होते. पुस्तकाच्या पानावर ‘भावनिक १००%, दुःखी १००%’ असं दिसलं की तो सगळ्यांचा कौल वाटतो. शेजारी किती परीक्षणांवरून हे काढलंय तो आकडा असतो, तो बघितल्याशिवाय पुढं जाऊ नये. मराठी पुस्तकांच्या बाबतीत तो आकडा बहुधा एक किंवा दोन असतो, कित्येकदा शून्यच. एकट्या माणसानं एका संध्याकाळी टिचकवलेल्या दोन चौकटी म्हणजे शंभर टक्के. दहाच्या खाली परीक्षणं असतील तर टक्केवारी सोडून द्यावी आणि लिहिलेलं परीक्षण असेल तर ते वाचावं.

आता मराठी पुस्तक सापडतच नाही तेव्हा काय करायचं ते सविस्तर, कारण बहुतेक जण इथंच कंटाळून सोडून देतात.

पुस्तक नसतं असं नाही, ते वेगळ्या स्पेलिंगखाली लपलेलं असतं. सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर घ्या. कुणी ‘व्ही. एस.’ लिहिलंय, कुणी ‘वि. स.’चं रोमन रूप ‘व्हीआय एसए’ केलंय, कुणी ‘विष्णू सखाराम’ पूर्ण. संगणकाला ही तीन वेगळी माणसं. पुस्तकाच्या नावातल्या ‘व’ला रोमनमध्ये कुणी ‘व्ही’ वापरतं, कुणी ‘डब्ल्यू’. देवनागरीत शोधलं तर आणखी एक काटा: ‘दुसऱ्या’, ‘ऱ्हास’ यांतला अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी टंकता येतो. एका पद्धतीत नुक्तेवाला ऱ वापरतात, दुसरीत साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधात मात्र जुळत नाहीत. अशा नावाच्या पुस्तकासाठी तो शब्द वगळून नावातला दुसरा शब्द टाकावा.

यावर सरळ तोडगा म्हणजे आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीचा ओळख क्रमांक. पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरच्या बारकोडखाली किंवा आतल्या मुद्रणाच्या पानावर तो असतो. भारतीय पुस्तकांचा तेरा आकड्यांचा क्रमांक ९७८-८१ किंवा ९७८-९३ नं सुरू होतो. २००७ च्या आधीच्या आवृत्तीवर दहाच आकडे असतील तर तेच टाकावेत. आडव्या रेघा गाळाव्यात. पुस्तक वेबसाइटवर नसेल तर क्रमांकावरून ते आणवून घेण्याची सोय आहे. तीही चालली नाही तर हातानं भरण्याचा अर्ज आहे. त्यात भाषा ‘मराठी’ निवडायला विसरू नका, पानांची संख्या टाका (नाहीतर पानांच्या चाळणीत पुस्तक कधीच येणार नाही) आणि कव्हरचा फोटो सरळ, सावली न पडता काढून चढवा. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नसतोच. त्यांच्यासाठी हाताचा अर्ज हाच मार्ग, मात्र त्याआधी रोमन स्पेलिंगच्या दोन-तीन तऱ्हांनी शोधून घ्यावं. नाहीतर एकाच पुस्तकाच्या तीन नोंदी होतात आणि आधीच मोजकी असलेली परीक्षणं तीन ठिकाणी वाटली जातात.

गुडरीड्स या पुस्तकांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर आधीच यादी असलेल्यांसाठी: तिथल्या ‘माझी पुस्तकं’ भागात जाऊन लायब्ररीची सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) उतरवायची आणि स्टोरीग्राफच्या खात्यातून ती चढवायची. मध्ये ती फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. एक्सेल थेट उघडताना देवनागरी अक्षरांचा बहुतेक वेळा भलताच कचरा करतं, आणि सेव्ह केलं की तो कचरा कायमचा होतो. आयएसबीएनचा रकाना गुडरीड्स बरोबरचं चिन्ह आणि अवतरणचिन्हं लावून देतं, तोही सेव्ह करताना बिघडतो आणि मग पुस्तकं जुळत नाहीत. फाइलीत काय आहे ते बघायचंच असेल तर गूगल शीट्समध्ये तिची वेगळी प्रत उघडा आणि मूळ फाइलीला हात लावू नका.

फुकट खात्यावर रोजचं सगळं काम भागतं. पैसे भरून मिळणारं खातं आकडेवारीची हौस असणाऱ्यांसाठी. मूडचे वर्तुळालेख छान दिसतात, पण वर्षाला बारा पुस्तकं वाचणाऱ्यानं त्यावर खर्च करायची गरज नाही.

गाणी: इथं यंत्र बसलंय

गाण्यांच्या बाबतीत मूडची चिठ्ठी बहुधा यंत्र लावतं. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं. त्याआधी २०१४ मध्येच त्यांनी एको नेस्ट ही कंपनी विकत घेतली होती. प्रत्येक गाण्याच्या ध्वनीवरून शून्य ते एक असे आकडे काढायचं तंत्र तिथून आलं: उत्साह किती, नाचण्याजोगं किती, वाद्यं नैसर्गिक आहेत का, आणि ‘व्हॅलन्स’, म्हणजे सूर किती आनंदी वाटतो. उत्साह आणि आनंद या दोन रेषा आडव्या-उभ्या ठेवल्या की चार कोपरे मिळतात. खेळकर, भडक, निवांत, उदास. मनाच्या अवस्था अशा दोन रेषांवर मांडण्याची कल्पना मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी १९८० मध्ये मांडली आणि मूडवर गाणी देणाऱ्या बहुतेक वेबसाइट आजही तिच्याच आधारानं चालतात.

आपल्या कानाला ही चौकट तोकडी पडते. नाट्यशास्त्रात आठ रस आहेत, पुढे शांत धरून नऊ झाले. वीर आणि रौद्र या दोघांनाही रसेलच्या नकाशावर ‘उत्साह जास्त’ म्हणून जवळजवळ बसवावं लागतं. करुण आणि शांत दोन्ही संथ, मंद आवाजाचे, त्यामुळे यंत्र दोघांची गल्लत करतं. हे आकडे ध्वनीवरून निघतात, शब्दांवरून नव्हे. ढोलकीच्या चढत्या ठेक्यावरच्या लावणीत नायिका विरहानं होरपळत असली तरी यंत्राला ऐकू येतो तो ठेका, आणि ते गाणं ‘पार्टी’च्या जवळ जाऊन बसतं. विलंबित ख्यालात उलटी गंमत होते. ताल इतका सावकाश असतो की सम कुठे आहे हे यंत्राला कळत नाही. ठेक्यातल्या भरणाच्या बोलांनाच ते लय समजतं आणि दुप्पट-चौपट वेग नोंदवतं. तंबोऱ्याचा सलग नाद म्हणजे त्याच्या लेखी ‘झोपेचं संगीत’. जिथले तंबोरे देशभर जातात आणि दर वर्षी उरसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, त्या मिरजेत हे कुणाला सांगून बघा.

या आकड्यांवर चालणाऱ्या कितीतरी छोट्या वेबसाइट होत्या: आपलं खातं जोडायचं, पट्टी सरकवायची, यादी तयार. २७ नोव्हेंबर २०२४ ला स्पॉटिफायनं नव्या वेबसाइटना हे आकडे देणं बंद केलं. त्यामुळे त्या तारखेनंतर निघालेली एखादी वेबसाइट ‘स्पॉटिफायच्या आकड्यांवरून मूड ओळखतो’ म्हणत असेल तर सावध असावं. ती बहुधा गाण्याच्या नावावरून किंवा गायकावरून अंदाज बांधत असते. खात्याची परवानगी मागणाऱ्या अशा वेबसाइटला ‘यादी तयार करा’ एवढीच परवानगी द्यावी आणि काम झालं की स्पॉटिफायच्या खात्यात, जोडलेल्या अॅप्सच्या पानावर जाऊन ती काढून टाकावी.

एव्हरी नॉइज ॲट वन्स ही याच आकड्यांवर उभी राहिलेली वेबसाइट मात्र अजून बघण्यासारखी आहे. ग्लेन मॅकडॉनल्ड यांनी सहा हजारांहून जास्त संगीतप्रकार एका पानावर पसरले आहेत. खाली नैसर्गिक वाद्यांचं, वर यांत्रिक. डावीकडे घनदाट, वातावरण भारून टाकणारं. उजवीकडे उसळतं, टोकदार. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांची स्पॉटिफायमधली नोकरी गेली आणि नकाशात नवी भर पडणं थांबलं. आपलं सिनेसंगीत तिथं ‘फिल्मी’ या शब्दाखाली मोठ्या प्रमाणात सापडतं, त्यावरून नकाशा किती जाडाभरडा आहे ते कळावं. मोबाइलवर उघडू नका, अक्षरं मुंगीएवढी दिसतात.

रेडिओऊ (नावात पाच ‘ओ’ आहेत, चार टाकले तर पोहोचणार नाही) या फ्रेंच वेबसाइटवर चिठ्ठ्या माणसांनी लावल्या आहेत, आणि फरक पहिल्या गाण्यातच कळतो. जगाचा नकाशा, खाली दशकं, आणि तीनच मूड: संथ, जलद, चक्रम. देश दाबा, दशक दाबा, चक्रम सोडून बाकीचे दोन बंद करा आणि ऐकत बसा. तीनच मूड ठेवल्यामुळे चिठ्ठी चुकायला जागाच कमी उरते. तक्रार एकच, पण आपल्यासाठी मोठी: भारत हा एकच देश, भाषा निवडता येत नाही. तमिळ, बंगाली, हिंदी, मराठी सगळं एकाच पातेल्यात.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला खरं तर या कशाचीच गरज नाही. दिवसाचे आठ प्रहर, प्रत्येक तीन तासांचा, ही मूडवरची सूची आपल्याकडे केव्हाची तयार आहे. यूट्यूबच्या शोधात ‘निवांत’ किंवा ‘उदास’ टाकण्याऐवजी रागाचं नाव टाका: सकाळी तोडी, सूर्य मावळताना मारवा, रात्रीच्या पहिल्या प्रहरी भूप. सोबत ‘विलंबित’ किंवा ‘द्रुत’ जोडा आणि चाळणीत वीस मिनिटांपेक्षा मोठे व्हिडिओ निवडा, म्हणजे तुकडे आणि जाहिरातींचे नमुने गळून जातात. यूट्यूब म्युझिकच्या वरच्या पट्टीत ‘रिलॅक्स’, ‘फोकस’, ‘सॅड’ अशी बटणं आहेत. मराठी भावगीतासाठी ती वापरायची तर आधी चार-पाच मराठी गाणी पूर्ण ऐकून मग बटण दाबावं, नाहीतर सरसकट हिंदी येतं.

सिनेमासाठी लेटरबॉक्स्ड ही सिनेमांच्या नोंदी आणि परीक्षणांची वेबसाइट पुरे. भाषेच्या चाळणीत मराठी निवडता येतं, आणि मूड शोधायचा तो तिथल्या लोकांनी केलेल्या याद्यांतून. एखादा मराठी सिनेमा तिथं नसेल तर लेटरबॉक्स्डला पत्र लिहीत बसू नये. त्यांची माहिती टीएमडीबी या खुल्या कोशातून येते. तिथं नोंद घाला, काही काळानं सिनेमा इकडं आपोआप उगवतो.

अक्षरांचा मूड

गूगल फॉन्ट्सवर फॉन्ट आता भावनेवरून शोधता येतात हे छपाईच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नाही. वापर करून घ्यावा असा हा भाग आहे. चाळणीत आधी लिपी देवनागरी निवडायची, मग ‘फीलिंग’ उघडून शांत, खेळकर, गोंडस, जुन्या वळणाचं, मोठ्या आवाजाचं, भारदस्त यांतलं एक. दोन भावना एकदम निवडल्या तर देवनागरीची आधीच लहान असलेली यादी चार-पाचवर येते, म्हणून एकच निवडावी. सगळे फॉन्ट फुकट आणि धंद्यासाठी वापरायला मोकळे आहेत.

चिठ्ठी इथं अख्ख्या फॉन्ट-कुटुंबाला लागते. त्यात रोमन आणि देवनागरी दोन्ही आले, आणि रोमन अक्षरं खेळकर असली तरी देवनागरी तशी असेलच असं नाही. म्हणून नमुन्याच्या चौकटीत आपला मजकूर टाकूनच निर्णय घ्यावा. ‘श्री ज्ञानेश्वर, कृष्णा, दुसऱ्या, ऱ्हस्व, ॲड., ऑफिस, द्वारका, ळ’ एवढी एक ओळ टाकली की फॉन्ट कुठे मोडतो ते कळतं. ‘ॲ’ अनेक फॉन्टमध्ये नसतो. त्याच्या जागी दुसऱ्याच फॉन्टमधलं अक्षर घुसतं आणि पत्रिका छापून आल्यावर वकीलसाहेबांच्या नावाचं पहिलंच अक्षर वेगळ्या जाडीचं दिसतं. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीहून वेगळी आहेत. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये ती मुळातच मराठी आहेत. टिरोचेच हिंदी आणि संस्कृत असे वेगळे फॉन्ट आहेत, उतरवताना नाव नीट वाचावं.

नेहमीच्या कामांसाठी चाळणीचीही गरज पडत नाही. गणेशोत्सवाच्या फ्लेक्सवर दुरून वाचता यायला हवं तर बलू किंवा गुबगुबीत मोदक, पण मोदक मथळ्यालाच, त्यात पत्ता लिहिला तर कुणाला वाचता येणार नाही. रेल्वेच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेला यात्रा वन जुन्या दुकानाच्या पाटीला शोभतो. विष्णुदास भाव्यांचा १८४३ मधला प्रयोग अभिमानानं सांगणाऱ्या सांगलीत नाटकाच्या जाहिरातीला रोझा वनसारखं जाड-बारीक वळण हवं. हळदीच्या पेढीच्या लेटरहेडला मुक्त: त्यात सात जाडी मिळतात, नावाला एक आणि पत्त्याला दुसरी वापरली की काम झालं. हातानं लिहिल्यासारखं हवं असेल तर कलम.

छापखान्यात देताना दोन अडचणी ठरलेल्या. पेजमेकरला युनिकोड (अक्षरं साठवण्याची आजची पद्धत) कळत नाही, तिथं हे फॉन्ट चालणारच नाहीत. जुन्या कोरलड्रॉत वेलांट्या उड्या मारतात. मजकूर दुसरीकडे जुळवून, कर्व्हज करून, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून (कोरलमध्ये कंट्रोल आणि क्यू) द्यावा. कर्व्हज करण्याआधीची फाइल वेगळ्या नावानं ठेवा. एकदा कर्व्हज केल्यावर ‘निमंत्रन’चं ‘निमंत्रण’ करता येत नाही, सगळी ओळ पुन्हा जुळवावी लागते. आणि ओळींमध्ये अंतर मोकळं ठेवा, अक्षराच्या उंचीच्या दीडपट तरी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो.

आपली यादी आपणच

कोणतीही वेबसाइट मराठी पुस्तकांना मूडच्या पुरेशा चिठ्ठ्या लावून देत नाही, तोवर वाचनालयानं किंवा पुस्तकभिशीनं गूगल फॉर्म करावा. खर्च शून्य. एका वाचकाला एका पुस्तकामागे तीन मिनिटं धरली तर शंभर पुस्तकं पाच तासांची, प्रत्येक पुस्तकाला तीन वाचक धरले तर पंधरा तासांची, चार माणसांत वाटली तर एका दुपारची. मूडचे शब्द बाराच्या आसपास ठेवा आणि ते मराठीतच शोधा: हलकं, खट्याळ, उदास, करुण, भेदक, अस्वस्थ करणारं, गूढ, थरारक, निवांत, चिंतनशील, उमेद देणारं, मायेचं. सोबत पानं, वेग, इशारा, आणि दाखल क्रमांक, नाहीतर यादीत सापडलेलं पुस्तक कपाटात सापडणार नाही. एका पुस्तकाला निदान तीन वाचक हवेत. एकानं ‘उदास’ आणि दुसऱ्यानं ‘चिंतनशील’ म्हटलं तर दोन्ही ठेवा, मतदान घेत बसू नका.

फॉर्ममध्ये मूडचा प्रश्न चेकबॉक्सचा करा आणि ‘इतर’ हा पर्याय काढून टाका. तो ठेवला की ‘हलकं’, ‘हलके’, ‘हल्कं’ असे तीन मूड तयार होतात. फॉर्मची उत्तरं शीटमध्ये एकाच चौकटीत, स्वल्पविरामानं जोडलेली येतात, त्यामुळे चाळणी लावताना ‘मजकुरात हा शब्द आहे’ असा पर्याय निवडावा लागतो. म्हणूनच एक शब्द दुसऱ्याच्या पोटात बसेल अशी जोडी ठेवू नये. ‘हलकं’ आणि ‘हलकंफुलकं’ दोन्ही ठेवले, तर पहिलं शोधताना दुसरंही येणार. कोणत्याही पर्यायाच्या आत स्वल्पविराम टाकू नका, तो पर्याय दोन तुकड्यांत मोजला जातो.